जेट मुलाखत : जपानमध्ये सहायक इंग्रजी शिक्षिका व्हायचंय, तयारी कशी करू?

सई_टोरांटो

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी जपानच्या जेट प्रोग्रॅमला एएलटी, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, या कामासाठी अर्ज केला होता. अर्जाची फेरी पार झाली आणि इथल्या जपानी वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. फेब्रुवारीत मुलाखत आहे. ज्यांना याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : जपान सरकारची काही मंत्रालयं आणि तिथल्या स्थानिक संस्था मिळून 1987 पासून हा कार्यक्रम चालवतात. निवड झालेल्यांनी तिथल्या शाळांमध्ये जपानी इंग्रजी शिक्षकांच्या जोडीने वर्ग घ्यायचे असतात. करार एका वर्षाचा, वाढवत गेलं तर जास्तीत जास्त पाच वर्षं. एएलटीसाठी पदवी कुठल्याही विषयातली चालते आणि जपानी यायलाच हवं अशी अट नाही.

माझी पदवी भूगोलाची. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते आणि नव्याने कॅनडात आलेल्या मुलांचा गृहपाठ घेते. वर्गासमोर उभं राहून कधी शिकवलेलं नाही.

मला तीन गोष्टींची धास्ती आहे. ऐन मुलाखतीत 'आम्ही पाचवीची मुलं आहोत, शिकवा' असं सांगतात म्हणे, ते कसं निभवायचं? 'जपानच का' याला सगळे जे उत्तर देतात त्यापेक्षा खरं आणि वेगळं काय सांगता येईल? आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतील तेव्हा काय विचारायचं? कुणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा. घरचे सगळे इंजिनियर आहेत, त्यांच्या मुलाखती वेगळ्या असतात.

गोदाकाठ

अभिनंदन सई! अर्जातून मुलाखतीपर्यंत पोचणं हेही सोपं नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, माझ्या पुतणीला पुढच्या वर्षी अर्ज करायचाय.

ढगफुटी

मी भरतीच्या क्षेत्रात आहे. जेटचा अनुभव नाही, पण मुलाखत शेवटी मुलाखतच असते. येऊ शकतील त्या सगळ्या प्रश्नांची यादी करा, उत्तरं लिहून काढा, आरशासमोर पाठ करा. घबराटीत माणूस जे पाठ असतं तेच बोलतो. 'जपानच का' याचं उत्तर तर झोपेतून उठवलं तरी यायला हवं.

आणि उच्चार. आपल्या घरचं वळण इंग्रजीत डोकावत असेल तर ते आत्ताच घासूनपुसून घ्या. ते लोक इंग्रजी शिकवायला माणूस शोधताहेत.

किरण_इझुमो

सई, अभिनंदन. मी शिमाने प्रांतात एएलटी होतो, एक माध्यमिक शाळा आणि डोंगरातल्या दोन लहान प्राथमिक शाळा. सविस्तर लिहितो, कारण माझ्या वेळी मराठीत कुणी सांगणारं नव्हतं.

पॅनेल बहुधा तिघांचं असतं. वकिलातीतलं कुणी, एखादा माजी जेट, आणि शिक्षणाशी संबंध असलेली एखादी जपानी व्यक्ती. वीस-पंचवीस मिनिटांत आटपतं. तुझा अर्ज आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज त्यांच्यासमोर असतो आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. त्यामुळे पहिली तयारी म्हणजे आपलेच ते दोन पानी निवेदन परक्याच्या नजरेने पुन्हा वाचणं. प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणजे नक्की काय केलं?' असं लिही आणि उत्तर दे. तू गृहपाठ घेतेस असं लिहिलं असशील तर कोणत्या मुलाचा, तो कुठे अडायचा, तू काय बदललंस, हे विचारतील. तिथेच मुलाखत जिंकता येते.

ढगफुटी, तुमचा मुद्दा समजला, पण पाठ केलेलं उत्तर समोरच्याला पहिल्या वाक्यात कळतं. मुद्दे लक्षात ठेवावेत, वाक्यं नकोत. हे लोक एका दिवसात ओळीने उमेदवार भेटतात. मधेच एखादा उलटा प्रश्न टाकून पाठांतर मोडतात.

उच्चारांबद्दल मात्र अर्धं पटलं. पात्रतेच्या नियमांत स्पष्ट उच्चार, लय, चढउतार आणि आवाज पोचवण्याचं कौशल्य असं लिहिलेलंच आहे. पण अमुक एका देशाचंच वळण हवं असं नाही. माझ्या प्रांतात जमैका, सिंगापूर, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका अशा सगळीकडचे एएलटी होते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो का, आणि वाक्य हळू बोलताना शब्दांचे तुकडे तर होत नाहीत ना, हे तपास. हळू बोलायला लागलं की बरेच जण रोबोसारखे बोलतात. त्यापेक्षा सोपी वाक्यं नेहमीच्या लयीत बोल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या पदाच्या नावातच सहायक आहे, आणि पॅनेल ते मनापासून तपासतं. चांगलं शिकवणारे पुष्कळ मिळतात. दुसऱ्याच्या वर्गात दुसरा माणूस म्हणून आनंदाने काम करील असा कोण, हे त्यांना शोधायचं असतं. मला विचारलेला प्रश्न असा होता : 'शिक्षक तुम्हाला फक्त धडा मोठ्याने वाचायला लावतात, बाकी वेळ तुम्ही कोपऱ्यात उभे. काय कराल?' एएलटींमध्ये याला मानवी टेपरेकॉर्डर म्हणतात, आणि असं खरंच होतं.

सई_टोरांटो

किरणदादा, किती छान लिहिलंत! मग त्या टेपरेकॉर्डरच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत?

किरण_इझुमो

आधी सांगितलं की वाचायला सांगितलंय तर उत्तम वाचीन. मुलांना तोच आवाज ऐकायला मिळतो, ते काम हलकं नाही. मग म्हटलं की शिक्षक असं का करत असतील हे समजून घेईन. तिसरीच्या, म्हणजे आपल्या नववीच्या वर्गासमोर हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते, वर्गात चाळीसपर्यंत मुलं असतात, तास 50 मिनिटांचा, आणि धडा संपवायचाच असतो. अशा शिक्षकाला 'तुमची पद्धत जुनी आहे' हे नवख्याकडून ऐकायचं नसतं. त्यांच्याकडे तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं मागीन. तोच धडा, तेच व्याकरण, फक्त बोलून. ती पाच मिनिटं त्यांच्या कामाला आली तर पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून दहा देतील.

शिवाय वर्गाबाहेर भरपूर वाव असतो. मुलं दुपारी शाळा झाडतात-पुसतात, त्यात फडकं घेऊन उतरायचं. कॉरिडॉरमध्ये इंग्रजी फळा लावायचा. ज्या मुलाने वर्गात तोंड उघडलं नाही तो फरशी पुसताना 'युवर सॉक्स, फनी' म्हणाला होता. माझ्या मोज्यांवर बदकं होती. त्या मुलाचं माझ्याशी बोललेलं पहिलं इंग्रजी ते.

वसुधा_कु

सई बाळा, मी इंग्रजीची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. जपानला कधी गेले नाही, पण यजमान शिक्षकाच्या खुर्चीतून दोन शब्द सांगते.

माझ्या वर्गात एकदा परदेशी स्वयंसेवक आले होते. माणूस उमदा. पण मी फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य त्यांनी मुलांसमोर खोडून दुरुस्त केलं. ते बरोबर होते. तरीही त्यानंतर कितीतरी दिवस मुलं मी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर शंका घेत होती. ते निघून गेल्यावर तो वर्ग मलाच सांभाळायचा होता. म्हणून तुला जर विचारलं की शिक्षकाने फळ्यावर चुकीचं लिहिलं तर काय करशील, तर उत्तर देताना त्या शिक्षकाला उद्या त्याच वर्गात जायचंय हे मनात ठेव.

ढगफुटी

वसुधाताई, आदर राखून असहमत. चाळीस मुलं चुकीचं वाक्य वहीत उतरवून घेणार आणि इंग्रजी येणारा माणूस बाजूला गप्प उभा राहणार? मग त्याला बोलावलं कशाला?

वसुधा_कु

गप्प राहा असं कुठे म्हटलं मी? मुलं लिहीत असताना शिक्षकाच्या टेबलाशी जाऊन हळूच बोट दाखवायचं. ते स्वतः फळा पुसून नीट लिहितील, मुलांना वाटेल सरांच्याच लक्षात आलं. वेळ नसेल तर बोलताना तेच वाक्य बरोबर रूपात दोनदा वापरायचं आणि तासानंतर सांगायचं. मुलांचं नुकसान नाही, शिक्षकाचंही नाही.

किरण_इझुमो

ताई, शंभर टक्के. हा प्रश्न जेटच्या मुलाखतीत हमखास येतो आणि याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. सई, हे उचल. फक्त तुझ्या शब्दांत सांग.

निशिकासाईकर

मी तोक्योतल्या एदोगावा भागात राहतो, मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत पाचवीत आहे. पालकाच्या बाजूने थोडी भर.

बरेच उमेदवार हायस्कूलचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून जातात, पण नेमणूक प्राथमिक शाळेत होऊ शकते. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तास, त्यात गाणी, खेळ, बोलणं. प्राथमिकचा तास 45 मिनिटांचा. पुष्कळ शाळांत हे तास वर्गशिक्षकच घेतात. ते गणितही शिकवतात, पोहणंही आणि इंग्रजीही. त्यातले काही जण स्वतः इंग्रजी बोलायला बिचकतात. पालकांनी तास बघायला जायच्या दिवशी मी हे पाहिलंय. वर्गशिक्षिका एएलटीशी मुलांसमोर चार वाक्यं बोलल्या आणि बोलून झाल्यावर त्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. मुलं टाळ्या वाजवत होती.

त्या एएलटीने काय केलं होतं? संवाद सुरू करण्याआधी त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, आणि प्रश्न इतका सोपा विचारला की त्या अडणारच नाहीत. बाई इंग्रजीत बोलू शकतात हे मुलांनी बघितलं, हे माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं शिकवणं. तू तुझ्या नमुना पाठात शिक्षकाला काहीतरी काम देशील का, याचा विचार कर.

रोहन_डी

धागा आवडला. थोडं अवांतर : माझा पासपोर्ट भारतीय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजीत. जेट नाही तर खासगी कंपन्यांमार्फत तिथल्या शाळांत एएलटी होता येईल का?

निशिकासाईकर

रोहन, इथे एक अडचण आहे. शाळेत परकीय भाषा शिकवण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाच्या नियमात, त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं अशी अट आहे. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असलेल्यांना ती सहज पूर्ण करता येते. तुझी अकरावी-बारावी आणि पदवी धरली तरी 12 भरणार नाहीत. खासगी संभाषणवर्गांच्या नोकरीसाठी व्हिसाचा प्रकार वेगळा असतो. तिथे चौकशी कर.

अनघा_सोल

रोहन, कोरियाचाही विचार कर. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे, त्यात भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येण्याची वाट आहे. मात्र पदवीसोबत शिक्षकाची पात्रता, म्हणजे बीएडसारखं काही, हवं. इथल्या सरकारी कार्यक्रमात अर्जासोबतच पाठाचं टाचण मागतात, त्यामुळे मुलाखतीत त्या टाचणावरच चर्चा होते.

रोहन_डी

दोघांचेही मनापासून आभार. बीएडचं मनावर घेतो.

गोदाकाठ

सई, तू शाकाहारी आहेस का? पुतणीच्या बाबतीत घरच्यांची तीच मोठी काळजी आहे.

सई_टोरांटो

हो, अंडी खाते, मासे-मांस नाही. मुलाखतीत हे विचारतात का?

किरण_इझुमो

विचारू शकतात. प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत दुपारचं जेवण, क्यूशोकु, सगळे वर्गातच एकत्र जेवतात. शिक्षकही तेच ताट घेतात. मिसो सूप दिसायला शाकाहारी, पण पाण्यात बहुधा माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. महिन्याभराचा तक्ता आधी छापून येतो, त्यात प्रत्येक पदार्थाचे घटक असतात. शाळेला विचारून आपला डबा नेणारे एएलटी मी पाहिलेत. उत्तर स्वच्छ असू दे : मी काय खात नाही ते हे, मी डबा आणीन, आणि मुलांबरोबरच बसून जेवीन. 'बघू, जमवून घेईन' असं मोघम बोललीस तर त्यांना काळजी वाटेल.

आणि नात्तो स्वतः शाकाहारी असतो, फक्त सोबतच्या सॉसच्या पुडीत बहुधा माशाचा अर्क असतो, ती वगळायची. आंबवलेलं सोयाबीन, तारा सुटलेलं. मला आवडायला लागलं म्हटल्यावर शेजारच्या आजी दर आठवड्याला आणून द्यायच्या.

निशिकासाईकर

ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेताना आत उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोम्बू (समुद्री शेवाळ) असलेली बघून घ्यायची, प्रवासात तेच तारून नेतं. निशिकासाईला आलीस तर घरी जेवायला ये. इथे भारतीय वाणसामान सगळं मिळतं.

चंद्रभागा_07

वरणभातावरून आठवलं, जपानी तांदळाचा दहीभात फार सुरेख होतो, त्याचा चिकटपणा दह्यात...

संपादक

मंडळी, पाककृतींसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. मूळ विषयाकडे वळूया.

ढगफुटी

वळूया. 'जपानच का' राहिलंय. सई, तुझं खरं कारण काय?

सई_टोरांटो

खरं सांगायचं तर अॅनिमेपासून, म्हणजे जपानी कार्टून मालिकांपासून, सुरुवात झाली. पण सगळे तेच सांगतात म्हणून ते लपवायचं ठरवलं होतं. भूगोल शिकताना भूकंप आणि किनाऱ्यावरच्या वस्त्या यांवर प्रकल्प केला, त्यात 2011 च्या त्सुनामीनंतरच्या तोहोकूचा, म्हणजे ईशान्य जपानचा, अभ्यास होता. शाळांनी मुलांना उंच जागी कसं नेलं, कुठे जमलं, कुठे नाही, हे वाचत गेले. तेव्हापासून तिथल्या शाळा कशा चालतात हे जवळून बघायची ओढ लागली.

किरण_इझुमो

मग हे का लपवतेस! तुझं उत्तर तुझ्याच हातात आहे. अॅनिमे आवडतं हे एका वाक्यात मोकळेपणाने सांग, त्यात गैर काही नाही, मुलांशी बोलायला पहिला विषय तोच निघतो. मग तोहोकू. आणि तिसरी पायरी विसरू नकोस : यातून शाळेला काय मिळेल? जपानला जायची ओढ पर्यटकालाही असते. पॅनेलला वर्गापर्यंत येणारं उत्तर हवं असतं. भूगोलाची मुलगी नकाशा घेऊन इंग्रजी शिकवू शकते. रस्ता सांगणं, हवामान, 'तुमच्या गावात काय आहे', हे सगळं त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे.

तोहोकूचं निघालंच आहे तर एक. इशिनोमाकी शहरात एएलटी असलेल्या टेलर अँडरसन आणि रिकुझेन्ताकाताचे माँटी डिक्सन हे दोघे जेट त्या त्सुनामीत गेले. टेलरच्या आईवडिलांनी नंतर तिथल्या शाळांमध्ये तिच्या नावाने वाचनकोपरे उभे केले. आमच्या वेळच्या प्रत्येक जेटला ही दोन नावं माहीत होती. तू तोहोकूबद्दल बोलणार असशील तर हे तुला माहीत असायला हवं. मुलाखतीत वापरायला म्हणून सांगत नाही.

सई_टोरांटो

टेलरबद्दल वाचलं होतं, वाचनकोपऱ्यांचं माहीत नव्हतं. आज बसून वाचते. नेमणुकीच्या जागांमध्ये तीन पसंती देता येतात, त्यात मी तोहोकूतलं मियागी पहिलं लिहिलंय.

किरण_इझुमो

छान. पण 'भलतीकडे पाठवलं तर?' हे विचारतीलच. मी क्योतो लिहिलं होतं, मिळालं शिमाने. लोकसंख्येत खालून दुसरा प्रांत! पण तिथल्या मात्सुएमध्ये 1890 साली लेखक लाफ्काडिओ हर्न इंग्रजी शिकवायला आले होते, आणि गावातले लोक अजून त्यांच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलतात. परदेशी शिक्षकाची सवय त्या गावाला माझ्या पणजोबांच्या काळापासून होती.

कुठेही जाईन म्हणणार असशील तर त्यामागे तयारी दिसू दे. गाडी चालवतेस का? खेड्यातल्या नेमणुकीत दोन-तीन शाळा असतात आणि बस दिवसातून मोजकी. आंतरराष्ट्रीय परवान्यावर पहिलं वर्ष निघतं, पुढे कॅनडाच्या परवान्यावर रस्त्यावरची परीक्षा न देता जपानी परवाना मिळतो. औषधोपचारासाठी शहराजवळ राहणं गरजेचं असेल तर तेही सरळ सांगावं.

सई_टोरांटो

गाडी चालवते, बर्फातही. आता नमुना पाठाबद्दल. दोन दिवस विचार करून एक कल्पना सुचली आहे, हातचं न राखता चुका काढा.

ठिपक्यांची रांगोळी. फळ्यावर पाच बाय पाच ठिपके काढायचे. मुलांकडे कागदावर तेच ठिपके. मी इंग्रजीत सांगणार : दोन वर, एक उजवीकडे, एक खाली. मुलांनी रेघ जोडत जायचं, शेवटी सगळ्यांच्या कागदावर एकच फूल यायला हवं. पाचवीला दिशा सांगणं असतंच. कॅनडातून येऊन रांगोळी का, असं विचारलं तर सांगीन की मी वाढले तो कॅनडा असाच आहे, माझ्या वर्गात प्रत्येकाच्या घरी वेगळा सण असायचा.

निशिकासाईकर

अप्रतिम. माझ्या मुलीला दाखवलं, ती आत्ता वहीत ठिपके काढत बसली आहे.

वसुधा_कु

फार गोड कल्पना आहे. दोन गोष्टी. पाच बाय पाच पहिल्याच वेळी जास्त होईल, तीन बाय तीनने सुरू कर. एक मूल तिसऱ्या ठिपक्याला चुकलं की पुढचं सगळं चित्र चुकतं आणि ते हिरमुसतं. मध्ये थांबून शेजाऱ्याचा कागद बघू दे. दुसरं : तू एकटीच बोलते आहेस. मुलं ऐकताहेत, रेघा काढताहेत, पण त्यांच्या तोंडून इंग्रजी एकदाही येत नाही.

किरण_इझुमो

आणि शिक्षक कुठे आहेत? ते काय करताहेत?

सई_टोरांटो

बरोबर. मग असं केलं तर? आधी शिक्षक आणि मी. मी फळ्याकडे तोंड करून खडू धरणार, शिक्षक मुलांकडे तोंड करून मला दिशा सांगणार. शिक्षकांना लागणारे शब्द फक्त चार, शिवाय संख्या. एखाद्या जागी मी मुद्दाम डावीकडे जाणार, मुलं ओरडून मला थांबवणार : राइट, राइट! मग मुलांच्या जोड्या, एक सांगणार, एक काढणार, तीन बाय तीनवर.

वसुधा_कु

आता झाला पाठ. शिक्षकाच्या हातात सूत्रं, गडबडणारी तू, आणि दुरुस्त करणारी मुलं.

ढगफुटी

मान्य, हे पाठ करून येण्यासारखं नाही. पण एक व्यवहाराची सूचना : मुलाखतीत फळा असेलच असं नाही. ठिपके काढलेले चार कागद आणि जाड पेन बॅगेत ठेव. मागितलं नाही तर काढू नकोस, पण 'शिकवा' म्हणाले तर एका पॅनेल सदस्याला शिक्षक कर.

शेवटच्या प्रश्नाचं तर राहिलंच. पगार, सुट्ट्या, नेमणूक कुठे, हे विचारू नकोस, ते सगळं लेखी मिळतं. शिक्षणक्षेत्रातली जपानी व्यक्ती समोर असेल तर त्यांनाच विचार की एएलटीच्या कोणत्या मदतीचा तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला. भरतीत मला कुणी असं विचारलं तर मी पेन खाली ठेवून उत्तर देतो.

किरण_इझुमो

उत्तम प्रश्न. उत्तर मिळालं की लिहून घे सई, ऑगस्टमध्ये कामाला येईल.

तर मग एक सराव करूया. शनिवारी रात्री आठ टोरांटो, म्हणजे जपानात रविवार सकाळचे दहा. व्हिडिओ कॉलवर मी इंग्रजी शिक्षक होतो आणि फळ्यावर एक चूक नक्की करतो. वसुधाताई, तुम्ही पॅनेल. निशिकासाईकर, पाचवीचं एखादं मूल मिळेल का?

निशिकासाईकर

मिळेल. तिची एकच अट आहे, सई चुकीकडे वळली की तिला मोठ्याने ओरडू द्यायचं.

सई_टोरांटो

मंजूर! तीन बाय तीनचे कागद आजच काढून ठेवते. वसुधाताई, भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतील, चालेल ना?

वसुधा_कु

पाचला उठते मी. लिंक पाठव.